अकरा मिनिटांची पोस्ट

सुभेदार, सगळ्यांत आधी कबुलीजबाब. मंगळवारी दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी मी तुम्हांला एक थाप मारली, आणि त्या वेळी तुम्ही मेलेले होतात.

मला कुठं ठाऊक होतं! तीनला तुमची पाळी संपून माझी सुरू व्हायची. तुम्ही कंपनीच्या गेटपाशी तुमच्या लोखंडी खुर्चीत बसला होतात. डोक्यावर टोपी, मांडीवर आडवी काठी, पाठ टेकलेली पण ताठ. डोळे अर्धे मिटलेले. मी उशिरा आलो की तुम्ही असेच बसायचात, म्हणजे मी आपणहून शरमावं. मी कसला शरमतोय! सायकल भिंतीला लावली आणि सुरू झालो. "सुभेदार, रागावू नका, आधी ऐका. किलवणीच्या वळणावर अजगर आडवा पडलाय. एसटीएवढा. शेपूट या बाजूच्या गटारात, तोंड त्या बाजूच्या भातात. दोन्हीकडं गाड्या खोळंबल्यात. शेवटी मीच पुढं होऊन त्याच्याशी बोललो, तेव्हा कुठं त्यानं सायकलपुरती वाट दिली."

एरवी माझी थाप तिसऱ्या वाक्याला पोहोचली की तुमची काठी दोन इंच वर उठायची. बस्स, तेवढीच. 'पुरे' असा तिचा अर्थ. त्या दिवशी मी पाचव्या वाक्याला पोहोचलो, सहाव्या, अजगराच्या पोटातल्या बकरीच्या गळ्यातली घंटा अजून वाजतेय इथपर्यंत आलो, तरी काठी उठेना. मग मी गप्प झालो. चाळीस वर्षांत मला कोणी गप्प केलं नव्हतं, ना बापानं, ना पलटणीनं. मी तुमच्या मनगटाला हात लावला आणि ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात माझा हात गार पडला.

फाटकाबाहेर दोन ट्रक उभे होते. एकानंही हॉर्न वाजवला नव्हता. ड्रायव्हर नंतर म्हणाला, "साहब बैठे थे, देख रहे थे. हमने सोचा अभी उठेंगे."

मलाही तेच वाटलं होतं. अजून वाटतं. आज दहावा दिवस आहे आणि तुम्ही कुठल्याही क्षणी उठून म्हणाल, "खान्देश, घड्याळ विकलंस की काय?" हे लिहून काढतोय, कारण बोलायला लागलो की माझ्या तोंडातला अजगर वाढतो. कागदावर तो जरा कह्यात राहतो.

लोकांनी काय विचारलं ठाऊक आहे? पहिला प्रश्न? 'कसे गेले' नाही. कंपनीच्या टाइमकीपरनं माझ्याजवळ सरकून आवाज खाली केला, "त्यांनी... स्वतःच का?" डोकमर्डीतल्या तुमच्या शेजाऱ्यानंही तेच. किराणावाल्यानंही. अख्ख्या सिल्वासाला माहीत होतं की रविवारी सकाळी शाळेत बसणारे आपण चौघं म्हणजे एकदा स्वतःच्याच जिवावर उठून परत आलेले लोक. आपल्यातला कोणी मेला की लोकांना आधी तेच सुचणार. आणि खोटं कशाला बोलू, तुमच्या मनगटावरून हात काढल्यावर माझ्याही डोक्यात पहिलं तेच आलं. मी तुमच्या खुर्चीभोवती शोधक नजरेनं फिरलो, सुभेदार. लाज वाटते सांगायला. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "हृदय. झटक्यात. त्यांना कळलंही नसेल." तेव्हा मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यात, शपथ घेतो, निम्मा आनंद होता. साधं मरण! चारचौघांसारखं, म्हातारपणी आत्या-मामा मरतात तसलं मरण! ते मिळवायला तुम्ही पाच वर्षं किती खपला होतात ते आम्हां तिघांनाच ठाऊक. मी ते टाइमकीपरला ओरडून सांगितलं, "हार्ट अटॅक! माझा सुभेदार हार्ट अटॅकनं गेला!" एखाद्याच्या पोराला नोकरी लागल्याची बातमी द्यावी तसं. तो घाबरून मागं सरला.

तर सुभेदार. आता हा हुद्दा. तुम्ही हवालदार म्हणून निवृत्त झालात, हे मी आज पहिल्यांदा मान्य करतोय. सरकारला अठरा वर्षांत जे जमलं नाही ते मी सिल्वासात एका चहावर केलं. तुम्ही हरकत घेतलीत, "अरे, खोट्या हुद्द्याची सजा होते." मी म्हणालो, "मग मी सुभेदार-मेजर करतो, सजा तेवढीच." त्या दिवसापासून तुम्ही सुभेदार. वहिनीसुद्धा "सुभेदार जेवायला बसा" म्हणू लागल्या तेव्हा तुम्ही हत्यार टाकलंत.

आपली भेट मात्र मी कधी वाढवून सांगितली नाही. ती वाढवता येत नाही. मी नवा होतो इथं. करमाफीमुळं कारखाने पावसाळी अळंब्यांसारखे उगवत होते आणि प्रत्येक कारखान्याच्या गेटला एक माजी सैनिक लागायचा. पारोळ्याकडून निघालो, वापीला उतरलो, आणि आठवड्याच्या आत गणवेश अंगावर. बायको गावी. खोलीत मी आणि माझं डोकं, आणि त्या दोघांचं पटत नव्हतं. त्या दुपारी मी कुठं जाऊन बसलो होतो ते लिहीत नाही. तुम्ही तिकडून सायकलनं चालला होतात. थांबलात. माझ्याकडं पाहिलंत. ते पाहणं मी ओळखलं, कारण तसं पाहायला माणसाला आधी त्याच जागी बसावं लागतं. तुम्ही 'काय झालं' विचारलं नाहीत. 'देव आहे' म्हणाला नाहीत. तुम्ही गेटवर विचारावं तसं खडसावून विचारलंत, "कुठली पलटण?"

मी सांगितली.

"ड्युटीवर आहेस?"

"नाही."

"जिवंत आहेस म्हणजे ड्युटीवर आहेस. बदली आली का तुझी?"

बदली म्हणजे पुढचा संत्री. तो आल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही, मग आभाळ पडो. हे वाक्य मला कुठं लागलं ते तेव्हा तुम्हांला सांगता आलं नाही, पुढं येईलच. मी म्हणालो, "नाही आली."

"मग पोस्ट कुणाच्या हुकमानं सोडतोयस?" तुम्ही सायकल आडवी टाकलीत आणि माझ्याशेजारी बसलात. "बस. बदली निघालीय. रस्त्यात आहे. तोवर दोघं बसू."

अडीच तास बसलो. तुम्ही मला गावच्या बायकांच्या पाण्यावरच्या भांडणांची एक इतकी कंटाळवाणी हकीकत सांगितलीत की जगण्याची इच्छा नसलेल्या माणसालाही वाटावं, मरण्याआधी याला गोष्ट सांगायला शिकवलं पाहिजे. मग तुम्ही मला डॉक्टरबाईंकडं नेलंत.

बाई मुंबईच्या, सरकारी दवाखान्यात, अंगानं चिमणीएवढ्या. मनाचं औषध शिकलेल्या. त्यांच्याकडं आपल्यासारखे आधीच येत होते, एकेकटे, चोरासारखे. बाईंनी गोळ्या द्यायच्या त्यांना दिल्याच, पण एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही लोक एकेकटे आलात की मला सब ठीक म्हणता. मी काय पलटणीत नव्हते, मला खरं वाटतं. एकत्र बसाल तर एकमेकांची थाप ओळखाल." आणि रविवारी सकाळी प्राथमिक शाळेचा पहिलीचा वर्ग मागून घेतला.

काय दृश्य असायचं ते! भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत, ईडलिंबू. खाली सहा वर्षांच्या पोरांची बाकं, आणि त्यांत आपण. तुमचे गुडघे कानांपर्यंत. परमार, आपला गुजराती मिलिटरी ड्रायव्हर, वजन एकशे दहा किलो, तो बाकात शिरायचा ते अंगाला तेल लावून, असं मी बाहेर सांगतो. खरं म्हणजे तो नुसता श्वास सोडायचा. आणि रांधा गावात राहणारा गावित. मूळ नवापूरकडचा, लान्स नाईक. सात महिने तो एक अक्षर बोलला नाही. बाईंनी त्याला एकदाही 'बोला' म्हटलं नाही. त्यांचा कायदा एकच, "एकानं बोलायचं, बाकीच्यांनी उठून जायचं नाही. न बोलणाऱ्याचं न बोलणंही ऐकायचं."

तुम्ही पहिल्या रविवारी उभे राहिलात, सावधान, आणि छताकडं बघत म्हणालात, "मी हवालदार चाळके, तालुका खेड. मला दोन वर्षांपूर्वी जगायचं नव्हतं. आज जगायचंय. उद्याचं उद्या सांगतो." मग खाली बसलात, आणि बसल्यावर खरं बोललात. "पलटणीत पहाटे कोणीतरी माझं नाव पुकारायचं. गावी गेलो तर कोंबडासुद्धा माझ्यासाठी आरवत नव्हता." परमार त्यावर हसला आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागला. "साला, मने पण एम ज!" म्हणजे त्याचंही तसंच. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि वर्गाचं दार लावून घेतलं.

'सब ठीक' वर बंदी तुमची. संत्री आयुष्यभर तेच ओरडत असतो, मनात वणवा लागला तरी. जो म्हणेल त्यानं बाकावर उभं राहायचं, पोरांसारखं, कान धरून. पहिल्या महिन्यात आपण इतके वेळा उभे राहिलो की शाळेची दोन बाकं मोडली. (एक मोडलं. परमारनं.) आणि दुसरा नियम त्याहून मोठा, तोही तुमचाच. तो विचार ज्याला येईल त्यानं एकटं राहायचं नाही. कोणाचंही दार ठोठावायचं, दिवस असो, दुपार असो, जेवणावरून उठवावं लागो, आणि दोनच शब्द बोलायचे, "बदली पाहिजे." समोरच्यानं कारण विचारायचं नाही. त्यानं म्हणायचं, "पोस्ट माझी." मग विचार ओसरेपर्यंत तो बसेल, घरात जे काही नको ते उचलून स्वतःच्या घरी नेईल, सकाळी बाईंकडं घेऊन जाईल. बाई हे ऐकून वहीत लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "हे आम्हांला पुस्तकात पानंच्या पानं समजावून सांगतात." तुम्ही म्हणालात, "बाई, फौजेत पानं भिजतात. दोन शब्द टिकतात."

पाच वर्षांत परमारनं सहा वेळा बदली मागितली. मी चार. तुम्ही दोन, दोन्ही वेळा माझ्याकडं, आणि दुसऱ्या वेळी मी तुम्हांला सलग सहा तास गोष्टी सांगितल्या, शेवटी तुम्ही म्हणालात, "बरा झालो, बरा झालो, आता थांब!" गावितनं एकदाही मागितली नाही. तुम्हांला त्याचीच सगळ्यांत काळजी.

आता अस्वल.

आपलं सगळं भांडण त्या अस्वलावरूनच होतं. मी वर बर्फात होतो त्या पोस्टवरची माझी गोष्ट. शेगडीपाशी आम्ही बसलोय आणि बंकरच्या तोंडाशी अस्वल उभं. पहिल्या रविवारी ते माझ्या खांद्याला होतं. वर्षाखेरीस ते बंकरहून मोठं झालं. तिसऱ्या वर्षी त्यानं दारूगोळ्याची पेटी उचलली आणि मला सलाम केला. परमार जीव टाकायचा त्या गोष्टीवर. बाई हसायच्या. तुम्ही हसायचात, आणि मग एकदा हसला नाहीत.

"खान्देश," तुम्ही म्हणालात, "हे अस्वल दर वेळी मोठं का होतं रे?"

"चांगलं खातंय."

"नाही. तू त्याला आडोशाला उभं करतोस. त्याच्या मागं कोण उभं आहे?"

मी उठून बाहेर गेलो. कायदा मोडला. नळावर तोंड धुतलं, परत आलो आणि म्हणालो, "मागं अस्वलीण आहे." सगळे हसले. तुम्ही काठी दोन इंच उचललीत.

त्यानंतर दर रविवारी निघताना तुम्ही सायकलवर टांग मारता मारता विचारायचात, "हटलं का अस्वल?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी." शेवटच्या रविवारी मात्र मी चिडलो. बाई मुंबईला गेल्या होत्या, आपण चौघंच होतो. तुम्ही म्हणालात, "पुढल्या खेपेला सांगितलं नाहीस तर तुला बाकावर उभा करीन, महिनाभर." मी म्हणालो, "तुम्ही तरी कुठं सगळं सांगता? सकाळपासून छाती नि डावा हात चोळताय. काय झालंय हाताला?"

"काही नाही. सब ठीक."

आम्ही ओरडलो, "बाकावर! सुभेदार बाकावर!" आणि तुम्ही म्हणालात, "अरे हे मनाचं नाही, भज्यांचं आहे. जळजळतंय. भज्यांना बंदी लागू नाही." आणि आम्ही, सुभेदार, आम्ही तिघांनी, पाच वर्षं एकमेकांच्या आवाजातली भेग ओळखायला शिकलेल्या तिघांनी, तुम्हांला सोडून दिलं. हसून. परमार म्हणाला, "भजियानी माफी!" आम्ही सगळे एकाच फाटकावर डोळे लावून बसलो होतो. मरण आलं तर मनातूनच येणार, दुसऱ्या वाटेनं येण्याची त्याची काय बिशाद! तुमचं मन त्या दिवशी लख्ख होतं, मी पैजेवर सांगतो. हातच दुखत होता. आणि हाताकडं बघायला आम्हांला कोणी शिकवलंच नव्हतं. तुम्ही बाकावर चढला असतात, तर चढताना धाप लागली असती, तर एखाद्याला कळलं असतं. हे बाईंना सांगितलं, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मीच तुम्हांला शिकवायला हवं होतं." हे त्यांच्याकडून ऐकायला मला अजिबात आवडलं नाही.

आणि मंगळवार. तो अजगर नव्हता, हे तुम्हांला सांगायची गरज नाही. वळणावरच्या चहाच्या टपरीपाशी धाग्याच्या कंपनीतली आमच्याकडची माणसं बसली होती, धुळ्याची, अमळनेरची. "आप्पा, त्या अस्वलनं सांगा ना!" मी म्हणालो, ड्युटी आहे. "अरे पाच मिनिटं! मंग काय जायं, सलाम करा का त्यानी?" म्हणजे सलाम केला का, तेवढं तरी सांगा. आणि मी सायकल टेकवली. अस्वलाला त्या दिवशी मी चक्क हिंदी बोलायला लावलं. टपरीवाला दूध उतू जाईपर्यंत हसत होता. त्याच वेळी इकडं तुमचं हृदय थांबत होतं आणि तुम्ही बदलीची वाट बघत बसला होतात.

तुम्हांला एरवी माझा उशीर नवा नव्हता. पण मला तो का नवा नव्हता, ते तुम्हांला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी तो विचार आला. थापाड्या माणसाच्या घरी तो दबक्या पावलांनी येत नाही, दार लाथाडून येतो आणि पाटावर बसतो. म्हणाला, दोनदा झालं तुझ्या हातून. आता कुणाची बदली चुकवणार? मी खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. नियम पाठ होता. पण ज्याचं दार ठोठावायचं ते दार तुमचं होतं, आणि त्या दारात वहिनी बसल्या होत्या. परमार बडोद्याला, भाचीच्या लग्नाला. उरला गावित. सात महिने गप्प, पुढंही 'हो-नाही'च्या पलीकडं न गेलेला गावित.

सायकल काढली. रांध्यापर्यंतचा तो रस्ता मी एरवी वीस मैलांचा करून सांगतो. त्या दिवशी तो खरोखर वीस मैलांचा होता. भर दुपार. गावित अंगणात ताडपत्रीवर भात पसरत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! मी हातानं खूण केली, मग कसंबसं म्हणालो, "बदली पाहिजे."

त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं. पाय जुळवले. आणि स्पष्ट, मोठ्यानं, कवायतीच्या मैदानावर पोहोचेल अशा आवाजात म्हणाला, "पोस्ट माझी."

मग त्यानं मला ताडपत्रीच्या कडेला बसवलं आणि माझ्या हातात फावडं दिलं. आम्ही संध्याकाळपर्यंत भात पसरला, गोळा केला, पुन्हा पसरला. पुन्हा पसरायची काहीच गरज नव्हती. त्याच्या बायकोनं नागलीची भाकर आणि चटणी दिली. तो तीन दिवस माझ्यासोबत राहिला, माझ्याच खोलीत, माझ्याच चादरीवर, आणि असा घोरला की... जाऊ द्या. घोरला. शनिवारी बाईंकडं त्यानंच नेलं.

रविवारी परमार परत आला होता. तुमचं बाक रिकामं. मी उभा राहिलो, सावधान, छताकडं बघत.

सुभेदार, अस्वलाच्या मागं सुखदेव उभा होता.

माझ्याच तुकडीतला, साताठ वर्षांनी लहान, सरसों का साग आठवून डोळ्यांत पाणी आणणारा. त्या उंचीवर संत्रीला जेमतेम अर्धा तास उभं करायचे, मग बदली. त्याची बदली मी. शेगडीपाशी चहा उकळत होता आणि मी अस्वलाची गोष्ट सांगत होतो. सगळे हसत होते. मला वाटलं, एवढं संपवतो. अस्वलाला बंकरच्या तोंडापर्यंत आणतो आणि निघतो. एवढ्यात वारं उठलं. बाहेर पडलो तेव्हा पुढचा हात दिसेना. दोरी धरून पोहोचलो तर सुखदेव जागेवर उभाच होता. पोस्ट सोडून आत आला असता तर वाचला असता. तो बदलीची वाट बघत होता. मला बघून हसला आणि म्हणाला, "सब ठीक." तिसऱ्या दिवशी त्याला खाली नेताना तो वाटेत गेला. मला कोणी जाब विचारला नाही. वादळ होतं, सगळ्यांनी मानलं. मीही वर्षानुवर्षं वादळच सांगितलं, मग वादळापुढं तेच अस्वल आणून उभं केलं.

म्हणून त्या पहिल्या दुपारी तुम्ही "बदली आली का तुझी?" विचारलंत तेव्हा मला सुखदेव दिसला. तुम्हांला काही कळलं होतं का? माझ्या तोंडावरून? की संत्रीच्या तोंडी जे येतं ते तुमच्या तोंडी आलं? पाच वर्षं मी विचारणार होतो. पुढच्या रविवारी.

मग मी टपरीचं सांगितलं. अकरा मिनिटांचं. कोणी उठून गेलं नाही. परमार म्हणाला, अगदी हळू, "एटले... रीछ नव्हतंच?"

"होतं," मी म्हणालो. "पण लहान. आणि खूप लांब. दुसऱ्या डोंगरावर."

आणि सुभेदार, परमार हसला. गावित हसला. बाई तोंडावर पदर धरून हसल्या आणि डोळे पुसत राहिल्या. मी उभाच होतो, मला कळेना बसू की नको. मी बाईंना विचारलं, "मी वेळेवर गेलो असतो तर?" त्या 'काही नसतं झालं' म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता. त्या म्हणाल्या, "तर बहुधा शेवटच्या क्षणी त्यांचा हात तुमच्या हातात असता. वाचले असते असं मला वाटत नाही. पण हात असता." मी त्यातलं 'बहुधा' आणि 'हात' दोन्ही घरी घेऊन आलो. जड आहेत. पण माझ्या मापाचे आहेत, अस्वलाएवढे नाहीत.

गावितनं खाली मान घालून पुस्ती जोडली, "तू शुक्रवारी वेळेवर आला."

काल वहिनींकडं गेलो होतो. त्यांनी तुमची काठी मला दिली. म्हणाल्या, "भाऊजी, ते घरी येऊन मला तुमच्या गोष्टी सांगायचे. अस्वल तर असं, की घरात मावायचं नाही." म्हणजे तुम्हीही वाढवत होतात! मला पुरे म्हणून काठी उचलायची आणि घरी जाऊन अस्वल फुगवायचं! हे भांडण उरलंय आपलं. हे मी सोडणार नाही.

आज ड्युटीवर पावणेतीनला पोहोचलो. टपरीवाल्यांनी हाक मारली, सायकल थांबवली नाही. ओरडून सांगितलं, "रविवारी, सकाळी, शाळेत. ज्याला गरज असेल त्यानं यायचं." एक जण, धुळ्याचा, माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. ते बघणं मी ओळखलं. उद्या जाताना त्याच्याशेजारी बसेन, ड्युटीआधी, वेळ हातात ठेवून.

तुमची गोष्ट मी त्यांना सांगितलीय एकदा. की आमचा एक सुभेदार होता, तो मेल्यावरही अकरा मिनिटं गेट सांभाळत बसला, आणि मालानं भरलेले दोन ट्रक त्याच्या नजरेला भिऊन जागचे हलले नाहीत. ते म्हणाले, "आप्पा, आता मात्र जास्तच झालं." काय करू? आयुष्यभर फेकलेल्या सगळ्या गोष्टी त्यांनी खऱ्या मानल्या, आणि एवढी एकच मी तसूभरही वाढवलेली नाही, ती थाप ठरली.

खुर्ची अजून तिथंच आहे. कोणी बसत नाही. तीनला पाच कमी असताना मी तिच्यासमोर उभा राहिलो, पाय जुळवले, काठी डाव्या हातात. पाळी बदलताना आपण दोघं रोज म्हणायचो ते त्या मंगळवारी माझ्याकडून राहून गेलं होतं. अजगर मध्ये आला होता.

पोस्ट माझी, सुभेदार. या आता.